मत एक, वजन वेगळं

तापीकाठच्या आमच्या गावात सप्टेंबर आला की साखर कारखान्याच्या वार्षिक सभेचं पाकीट घरी येतं. सभेच्या दिवशी मंडपात माईकवरून आवाज येतो, "विषय क्रमांक चार, मंजूर?" पुढच्या रांगांतून उत्तर जातं, "मंजूर, मंजूर!" मागे बसलेल्या सभासदाला अहवालाचं पान सापडेपर्यंत पाचवा विषय निघालेला असतो. माझे आबा तीसेक वर्षं सभासद आहेत. तुम्ही कधी उठून बोलत का नाही, असं एकदा त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आपलं काय चालस तठे?"

कायद्यानं बघितलं तर आबांचं तिथं चेअरमनइतकंच चालायला हवं. 1960चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा एका सभासदाला एकच मत देतो, मग शेअर कितीही असोत. नियम सगळ्यांना सारखा असूनही वजन वेगळं का पडतं, हा प्रश्न मला लहानपणापासून टोचत आलाय. त्याचं थोडं उत्तर गणितात आहे.

समजा, गावातल्या प्रत्येकाकडे 100 रुपये आहेत. कुणीही दोघं समोरासमोर येतात आणि नाणं उडवतात. नाणं खरं आहे, लबाडी नाही. दोघांपैकी ज्याच्याकडे कमी पैसे आहेत तो जिंकला तर त्याची पुंजी 20 टक्क्यांनी वाढेल, हरला तर 17 टक्क्यांनी घटेल. ऐकताना हा सौदा गरिबाच्याच बाजूचा वाटतो. पण एकदा जिंकून एकदा हरलं की काय होतं ते बघा. 100चे 120 होतात, आणि 120मधून 17 टक्के गेले की उरतात 99 रुपये 60 पैसे. शंभर वेळा जिंकून शंभर वेळा हरलेल्या माणसाकडे साधारण 67 रुपये राहतात. पैज लहान पुंजीच्या मापानं लागते, म्हणून समोरच्या मोठ्या पुंजीवाल्याला त्याच हार-जितीचा ओरखडासुद्धा उठत नाही. असा खेळ संगणकावर चालू ठेवला तर बहुतेक सगळी संपत्ती हळूहळू एकाच्या हाती जमा होते. कोण जिंकणार हे आधी सांगता येत नाही, पण कुणीतरी एकच उरणार हे सांगता येतं. भौतिकशास्त्राची हत्यारं अर्थव्यवहाराला लावणाऱ्या अभ्यासकांनी अशी प्रारूपं मांडली, आणि त्यात कोलकात्याच्या मंडळींचा वाटा मोठा आहे.

खऱ्या गावात मात्र नुसतं नाणं उडत नाही. तिथं संस्था असतात. आपल्याकडे संस्था म्हटलं की पाटी, इमारत आणि चेअरमनची गाडी डोळ्यांसमोर येते. अर्थशास्त्रात संस्था म्हणजे खेळाचे नियम, लिहिलेले आणि न लिहिलेलेही. हे नियम संपत्तीचा उतार बदलू शकतात, किंवा आहे तो उतार पक्का करू शकतात. देशादेशांतल्या समृद्धीचा फरक अशा नियमांतून कसा येतो, हे दाखवल्याबद्दल डॅरॉन असिमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांना 2024चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आबांच्या कारखान्यासारख्या कारखान्यांवर थेट अभ्यास झालेला आहे. 2019चं नोबेल मिळवणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी यांनी दिलीप मुखर्जी, कैवान मुन्शी आणि देबराज रे यांच्यासोबत महाराष्ट्रातल्या जवळपास 100 सहकारी साखर कारखान्यांची 1971 ते 1993 या काळातली आकडेवारी तपासली. त्यांचा तर्क असा. मोठ्या बागायतदाराला लहानाच्या खिशातून उघडपणे पैसे काढता येत नाहीत. पण कारखान्याच्या कारभारावर त्याची पकड मताच्या मानानं जास्त असते. मग तो उसाचा भावच कमी ठेवतो. भाव सगळ्यांना एकच, म्हणजे त्याच्याही उसाला कमी मिळतात. पण त्यामुळे कारखान्यात जी शिल्लक राहते तिची किल्ली त्याच्याकडे असते. त्या शिलकेतून कॉलेज उभं करायचं, कुणाला नोकरी लावायची की निवडणुकीची तयारी करायची, हे तो ठरवतो. लहान शेतकरी मात्र टनामागे जे गेलं ते कायमचं गमावतो.

हा तर्क आकड्यांशी जुळला. ज्या परिसरात जमिनीची वाटणी जास्त विषम, तिथं उसाला भाव कमी आणि कारखान्याची गाळप क्षमताही कमी निघाली. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. लहानाचा घास मोठ्याच्या ताटात गेला, इतकीच ही गोष्ट नाही. ताटच लहान झालं. किमान भाव सरकार तेव्हाही ठरवत होतं, आज त्याला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, म्हणतात. भांडण त्या किमानाच्या वर काय मिळतं याचं आहे. आणि ऊस उत्पादकाला भावाइतकीच तोडीची पाळीही ठाऊक असते. टोळी कुणाच्या फडात आधी उतरली आणि कुणाचा ऊस उन्हात वाळून वजनात घटला, हे कुठल्या ताळेबंदात दिसत नाही.

गावच्या राजकारणात हेच कसं चालतं, ते सिवान अँडरसन, पॅट्रिक फ्रँकॉइस आणि अशोक कोतवाल यांनी ग्रामीण महाराष्ट्रात पाहणी करून 2015मध्ये मांडलं. पंचायतीच्या निवडणुका खुल्या, मोजणी चोख, मतदान भरघोस, दमदाटी नाही. तरीही जमीन आणि जुनी प्रतिष्ठा ज्या थोड्या घरांकडे एकवटली होती, तिथं गरिबांच्या हिताच्या योजना मागे पडत होत्या. अडल्यानडल्याला उसने देणारा, दवाखान्यात गाडी पाठवणारा माणूस तोच असेल, तर त्याच्या मनाविरुद्ध रोजगार हमीचं काम कोण मागणार? गावातच दुसरं काम मिळालं तर शेतावरची मजुरी वाढते, हे त्यालाही कळतं. या मदतीत खरी माया असू शकते, मी ती पाहिली आहे. पण तिची किंमत मतात मोजली जाते.

खानदेशात या सगळ्याचं मूळ जमिनीच्या मोजणीपर्यंत जातं. 1818मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि इथं रयतवारी आली, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याच्या नावावर. 1852मध्ये सावदा-यावल भागात या मोजणीविरुद्ध शेतकरी उठलेही होते. रयतवारीचे जिल्हे जमीनदारीच्या जिल्ह्यांपेक्षा स्वातंत्र्यानंतर पुढे गेले, असं बॅनर्जी आणि लक्ष्मी अय्यर यांनी 2005मध्ये दाखवलं. देशभराची सरासरी म्हणून मला ते पटतं. पण मग एकाच खानदेशात रावेरच्या केळीच्या बागा आणि नंदुरबारमधल्या अक्राणीचे उघडे डोंगर शेजारी कसे? 2015-16च्या पाहणीवर आधारलेल्या नीती आयोगाच्या अहवालात नंदुरबार जिल्ह्यातले निम्म्याहून जास्त लोक बहुआयामी दारिद्र्यात, म्हणजे आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांवरून मोजलेल्या दारिद्र्यात होते.

रयतवारीनं जमीन नावावर केली, तशीच ती गहाण ठेवण्याजोगी आणि विकण्याजोगीही केली. ज्याला कागद वाचता येत होता आणि कोर्टाची पायरी परवडत होती, त्याला त्या नावावर कर्ज मिळालं. ज्याला येत नव्हतं, त्याचा अंगठा सावकाराच्या वहीत उमटला. शहादा-तळोद्याच्या सपाटीवरचे कितीतरी भिल्ल आपल्याच जुन्या जमिनीवर सालदार झाले. 1972मध्ये शहाद्यात अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथीदारांनी श्रमिक संघटना उभी केली, ती याच जमिनींसाठी आणि मजुरीसाठी. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा 1974चा कायदा आला. पण नुसता कायदा छापून जमीन परत आली नाही. कोणता गट नंबर, कुणाची नोंद, कधीचा फेरफार, हे विचारत माणसं जमावानं तलाठ्याकडे आणि मामलेदार कचेरीत जाऊ लागली तेव्हा सातबारे हलले.

अमळनेरची गोष्ट मला याच्या शेजारी ठेवावीशी वाटते. 1945मध्ये तिथं वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या अनेक घरांनी तिचे शेअर घेतले आणि सांभाळून ठेवले. त्या घरांना कंपनीच्या कारभारात काही आवाज नव्हता. पण नफा वाटला की दर शेअरमागे मालकाला मिळेल तेवढाच लाभांश त्यांनाही मिळे, आणि नको वाटलं तर शेअर विकता येई. सहकारी सभासदाकडे मत असतं, पण शिलकेतला त्याचा वाटा मोजून दाखवणारं काहीच त्याच्या हाती नसतं.

सहकार कायद्याच्या 32व्या कलमानं सभासदाला संस्थेची ठरावीक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला आहे. यंदा पाकीट आलं तेव्हा मी ते कलम आबांना वाचून दाखवलं. त्यांनी अहवाल ओट्यावर उन्हात धरला आणि ताळेबंदाच्या पानावर बोट फिरवत 'इतर निधी' या ओळीपाशी थांबले. बराच वेळ ते आकड्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसला आणि मागच्या वर्षीचा अहवाल शोधायला आत गेले.