हजेरी आणि जोगणी : ‘फकिरा’च्या मागचा इतिहास

चावडीपुढे माणसं उभी आहेत. वहीतलं एकेक नाव पुकारलं जातं, ज्याचं नाव आलं तो ‘हजर’ म्हणतो. संध्याकाळी पुन्हा तेच. परगावी सोयऱ्याच्या लग्नाला जायचं तरी परवाना लागतो, आणि नाव पुकारल्यावर उत्तर आलं नाही तर तोच गुन्हा. रांगेतल्या कुणावर चोरी शाबीत झालेली असेलच असं नाही. विशिष्ट जातीत जन्म झाला एवढं पुरे.

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातलं बंड बहुतेकांच्या लक्षात राहतं ते घोड्याच्या टापांमुळे आणि लुटीच्या प्रसंगांमुळे. मला मात्र त्या बंडाचं मूळ या हजेरीच्या वहीत दिसतं, आणि ती वही कुठून आली हे पाहिल्याशिवाय फकिराचा राग कळत नाही.

मांग (आजच्या शब्दांत मातंग) आणि रामोशी यांच्याकडे जुन्या गावगाड्यात राखणीचं काम असे. मांग दोर वळत, हलगी वाजवत, आणि गावाच्या रखवालीतही त्यांचा वाटा असे. रामोश्यांकडे तर किल्ल्यांच्या आसपासची राखणच होती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, किल्ले ओस पडले, राखणीचे हक्क आणि वतनं आटत गेली. पुरंदरच्या परिसरातल्या उमाजी नाईकांचं बंड याच तुटलेल्या हक्कांतून पेटलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी झाली. ज्यांच्या भरवशावर गाव रात्री निजायचं, तेच दोन पिढ्यांत सरकारी कागदावर ‘चोर’ झाले.

त्यावर कायद्याचा शिक्का बसला १८७१ मध्ये. क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, आधी उत्तर हिंदुस्थानात आला. १९११ च्या सुधारित कायद्याने तो मुंबई इलाख्यासह कुठल्याही प्रांतात लावायची सोय झाली. यादीत नाव, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायला परवानगी. काहींना तारेच्या कुंपणात, ‘सेटलमेंट’मध्ये डांबलं जाई, सोलापूरची सेटलमेंट त्यांतलीच. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवण्याचीही तरतूद होती. पण कायद्याचं सगळ्यांत विषारी कलम वेगळंच. सरकारने एखादी जमात गुन्हेगार ठरवली की त्या निर्णयाविरुद्ध कुठल्याही कोर्टात दाद मागता येत नसे. कादंबरीतली माणसं वकिलाकडे का जात नाहीत, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडतो. दारच बंद होतं.

कादंबरीची सुरुवात मात्र इंग्रजांपासून होत नाही. ती होते जोगणीपासून, आणि इथे अण्णा भाऊंचं कसब दिसतं. जोगणी म्हणजे देवीच्या जत्रेची मानाची खूण. ती ज्या गावात, तिथे जत्रा भरते, त्या गावाचा मान मोठा. दुसऱ्या गावाच्या माणसाने ती हिसकावून आपल्या शिवेत आणली तर मान त्या गावाचा. शिवेच्या आत सापडला तर त्याचं मुंडकं उडवायचं; एकदा शीव ओलांडली की हात लावायचा नाही. वाटेगावचा राणोजी मांग शिगावची जोगणी घेऊन निघतो, घोडा फेकतो, आपल्या गावाची शीव गाठतो. मान वाटेगावचा झाला. तरीही शिगावकर रीत मोडून त्याला वाटेगावच्या हद्दीत मारतात.

हा राणोजी म्हणजे फकिराचा बाप. गावाच्या इभ्रतीसाठी जीव देणारा माणूस राहतो गावाबाहेरच्या मांगवाड्यात, आणि त्याने जिंकलेल्या जत्रेत मिरवतं सगळं गाव. हा विरोधाभास लेखकाने भाषण देऊन सांगितलेला नाही, नुसता आपल्यासमोर ठेवला आहे. पुढे राणोजीचा पोरगा त्याच गावात वाढतो आणि सरकार त्याला हजेरीला उभं करतं.

मग दुष्काळ येतो. कादंबरी सालं सांगत बसत नाही. पण १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी दख्खनची हाडं मोडली होती, आणि १९१८ मध्ये पाऊस बुडाला त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथही आली. भुकेची आठवण घरोघर ताजी होती. मांगवाड्यात माणसं मरू लागतात तेव्हा फकिरा साथीदार घेऊन धान्य लुटतो आणि ते उपाशी घरांत जातं. पुढे बेडसगावचा सरकारी खजिना. त्याचं पुढारीपण कुणी पागोटं बांधून दिलेलं नाही. भुकेल्या घरात दाणा पोचवायची जबाबदारी ज्याने उचलली, त्याच्यामागे लोक गेले.

इथे विष्णुपंत कुलकर्णी या पात्राजवळ थांबायला हवं. गावचा ब्राह्मण कारभारी, आणि तो मांगांच्या बाजूने उभा राहतो. भुकेने मरू नका, कसंही करून जगा, असा धीर देतो. काही वाचकांना तो फारच चांगला वाटतो, मलाही पहिल्या वाचनात वाटला होता. आता वाटतं, अण्णा भाऊ डाव्या चळवळीत घडलेले, त्यांना जात पाहून माणसांची विभागणी करायची नव्हती. राणोजीचा जीव घेणारे शिगावचे खोत आहेत तसे हे पंतही आहेत, आणि दोघेही त्याच गावगाड्यातले.

लेखकाचं आणि या गोष्टीचं नातं घरचंच. तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावात झाला, तेव्हाच्या सातारा आणि आजच्या सांगली जिल्ह्यात. फकिरा हा त्यांच्या आईच्या, वालुबाईंच्या नात्यातला. अण्णा भाऊ जन्मले त्या सुमारास तो लूट करून आला आणि बाळंतिणीसाठी सुरती रुपये देऊन गेला, अशी आठवण सांगतात. म्हणजे ज्याची घुटी बंडखोराच्या पैशाची, त्यानेच पुढे त्या बंडखोराची कादंबरी लिहिली.

शाळा जेमतेम दीड दिवसाची. वडिलांबरोबर पायी मुंबई गाठली, पडेल ते काम केलं, अक्षरओळख दुकानांच्या पाट्यांवरून झाली. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक उभं केलं. डफ-तुणतुण्यापुढे हजारोंना थांबवून धरणारा माणूस कादंबरीतही तसाच बोलतो. ‘फकिरा’चं गद्य वाचताना प्रसंग पोवाड्याच्या चालीने पुढे सरकतो, तो त्यामुळे. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून हे लेखन झालं. पुस्तक अर्पण केलं बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘झुंजार लेखणीस’, आणि १९६१ मध्ये त्याला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला.

शेवटी सरकार फकिराला लढाईत हरवत नाही. ते मांगवाड्यातली बायकापोरं, म्हातारीकोतारी धरून कोंडतं आणि तो हजर होण्याची वाट पाहतं. वहीतली हजेरी चुकवणारा माणूस आपल्या लोकांसाठी स्वतःहून हजर होतो. हा शब्द कादंबरीत असा फिरून येतो, हे फार उशिरा माझ्या ध्यानात आलं.

‘फकिरा’नंतर चारच वर्षांनी, १९६३ मध्ये, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. त्यातल्या शीर्षककथेचा नायक उघड बंड करत नाही. नोकरीच्या गावी जात लपवून राहतो. तलवारीची जागा शहरात भाड्याच्या खोलीने घेतली. दोन्ही पुस्तकं एकामागोमाग वाचावीत.

गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला १९५२ मध्ये. ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून आजही भटके-विमुक्त पाळतात. पण राज्यांनी त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे केले. त्यात जन्माऐवजी आधी झालेल्या शिक्षा हा निकष आला, नोंदणीची वही मात्र राहिली. मुंबई राज्याच्या त्या कायद्यावर साल आहे १९५९, ‘फकिरा’ बाजारात आली तेच.