गोल्फच्या चेंडूवर खळगे का असतात?

गोल्फचा सर्वात जुना लेखी उल्लेख सापडतो तो बंदीहुकमात. लोक धनुर्विद्येचा सराव सोडून खेळत बसतात म्हणून १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फ आणि फुटबॉल दोन्हींना मनाई केली. १७४४ मध्ये एडिंबराजवळच्या लीथच्या खेळाडूंनी १३ नियम लिहून काढले. १७६४ मध्ये स्कॉटलंडमधल्याच सेंट अँड्र्यूजला २२ होलची (चेंडू घालायच्या खड्ड्यांची) फेरी १८ वर आली. पण खेळ खरा बदलला तो चेंडूमुळे.

त्या काळी चेंडू पिसांचा असे. तुरटीच्या पाण्यात भिजवलेल्या चामड्याचे तुकडे शिवायचे, पिशवी उलटी करायची आणि ठेवलेल्या फटीतून उकळलेली पिसं लोखंडी गजाने, छातीचा भार देऊन ठासायची. एका चेंडूला उंच हॅटभर पिसं लागत. वाळताना चामडं आकसे, पिसं फुगत, आणि चेंडू टणक होई. कसबी कारागिराच्या हातून दिवसाला जेमतेम तीन-चार निघत, त्यामुळे किंमत भारी. पावसात मात्र चामडं पाणी पिई, चेंडू जड होई आणि शिवण उसवे.

१८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. मलायातल्या झाडांचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो, हाताने वळता येतो आणि गार झाला की घट्ट होतो. फुटलेला चेंडू पुन्हा वितळवून वापरता येई. पिसांचे चेंडू बनवणारा अ‍ॅलन रॉबर्टसन यावर इतका चिडला की त्याचं आणि नवा चेंडू वापरणाऱ्या त्याच्या सहकाऱ्याचं, टॉम मॉरिसचं, बिनसलं.

गंमत पुढे आहे. नवा गुळगुळीत चेंडू हवेत लवकर खाली येई. मार खाऊन ओरखडलेला मात्र लांब जाई. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खाचा पाडू लागले. कारण खूप नंतर कळलं: १९०४ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटलने सीमास्तराची कल्पना मांडली. गुळगुळीत चेंडूला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर, म्हणजेच सीमास्तर, लवकर सुटतो, मागे कमी दाबाचा रुंद पट्टा उरतो आणि तो चेंडूला मागे खेचतो. खडबडीत पृष्ठभागावर हा थर खळबळतो, त्यामुळे उशिरा सुटतो; पट्टा अरुंद होतो, अवरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. त्याआधीच, १८९० च्या दशकात, एडिंबराचे भौतिकशास्त्रज्ञ पी. जी. टेट यांनी उलट्या फिरकीमुळे चेंडूला वर उचलणारं बल मिळतं हे गणिताने दाखवलं होतं.

१९०५ मध्ये इंग्लिश अभियंता विल्यम टेलर यांनी तेव्हाच्या चेंडूंवरच्या उंचवट्यांऐवजी खळग्यांचं पेटंट मागितलं. आजच्या चेंडूवर बहुधा ३०० ते ५०० खळगे असतात, खोली साधारण पाव मिलिमीटर. खोली वाढली की चेंडू खालून जातो, फार उथळ झाली की उगाच उंच चढतो. एका बाजूचे खळगे चिखलाने भरले तर तो वाकडा जातो. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, तो उचलून पुसता येतो, बाकी मैदानात बहुधा नाही.