हिरवी मुनिया आणि पिवळ्या छातीचा भारीट: लाल यादीमागची पार्श्वभूमी

रब्बीची ज्वारी हुरड्यात आली की बीड-परभणीच्या काळ्या रानांत भारिटांचे थवे उतरतात आणि गोफण घेऊन राखण सुरू होते. आपल्याकडे येणारा हा काळ्या डोक्याचा भारीट मुबलक आहे. पण मुबलक म्हणून कुणालाच गृहीत धरता येत नाही, हे त्याच्या भाऊबंदाने दाखवून दिलं आहे.

पिवळ्या छातीचा भारीट फिनलंडपासून जपानपर्यंत वीण करायचा आणि हिवाळ्यात चीनमार्गे आग्नेय आशियात, नेपाळात, आपल्या ईशान्येकडे यायचा. २००४ पर्यंत त्याची कुणाला काळजी नव्हती. धोक्यातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या 'आययूसीएन' या जागतिक संस्थेच्या लाल यादीत २००८ मध्ये तो 'असुरक्षित' ठरला, २०१३ मध्ये 'संकटग्रस्त' आणि २०१७ मध्ये 'अतिसंकटग्रस्त'. १९८० ते २०१३ या काळात त्याची संख्या ८४ ते ९५ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज आहे. मुख्य कारण जाळं. हा पक्षी रात्री बोरूच्या बेटांत हजारोंनी एकत्र बसतो, त्यामुळे एका जाळ्यात थवाच्या थवा सापडतो. चीनमध्ये तो चवीसाठी खाल्ला जाई. तिथे १९९७ मध्ये बंदी आली, तरी विक्री चोरून चालूच राहिली.

हिरवी मुनिया फक्त भारताची. अबूचा परिसर आणि मध्य भारत हे तिचं घर. ती 'असुरक्षित' गटात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ती पिंजऱ्यासाठी पकडली जात आली आहे.

तिच्या इतिहासातला सगळ्यात वादाचा निर्णय म्हणजे १९९०-९१ ची बंदी. देशी रानपाखरं पकडून विकणं तेव्हा सरसकट बंद झालं. पाखरं धरून पोट भरणाऱ्या कुटुंबांची चूल त्यावर चालत होती आणि त्यांना पर्यायी धंदा पुरेसा मिळाला नाही, हा आक्षेप खराच आहे. तरीही ठरावीक जातींपुरती बंदी टिकली नसती, असं माझं ठाम मत आहे. एका टोपलीत शे-दीडशे मुनिया कोंबलेल्या असतात. त्यांतली कोणती कुठल्या जातीची, हे तपासणाऱ्या शिपायाने कसं ओळखायचं? त्यात साध्या मुनियांना हिरवा, गुलाबी रंग चढवून विकण्याची जुनी लबाडी. ओल्या बोटाने पंख चोळला की रंग हाताला लागतो, पण प्रत्येक पाखरू असं चोळून पाहणार कोण? सरसकट बंदीनेच ही पळवाट कायद्यापुरती तरी बुजवली. चूक झाली ती पुढे: बंदी आली, पुनर्वसन मागेच राहिलं.

दोघांची तुलना यादीतल्या पायरीवर थांबवली तर फसगत होते. भारिटाचं घर खंडभर पसरलेलं होतं, तरी तो झपाट्याने कोसळला. मुनियेचं घर मुळातच लहान, त्यामुळे तिथला थोडासा फटकाही मोठा. २०२१ मध्ये चीनने भारिटाला सर्वोच्च संरक्षण दिलं. मुनियेसाठी मात्र केवळ सापळ्यावरची बंदी पुरत नाही, कारण ती उंच गवतात, झुडपांत आणि उसाच्या फडातही घरटं करते. फड कधी तोडायचा, पाचट कधी पेटवायचं, हे शेतकरी आणि कारखान्याची टोळी ठरवते. त्यांच्याशी बोलल्याशिवाय ती घरटी वाचायची नाहीत.