जोडीनृत्यात ढकलावं लागतं का?

टँगो किंवा वॉल्ट्झ पाहताना अनेकांना वाटतं, की पुढाकार घेणारा ढकलतो, ओढतो आणि जोडीदार मुकाट्याने हलतो. जितका जोर जास्त, तितका इशारा स्पष्ट, हाही त्याच समजाचा भाग. नवशिक्यांचे खांदे आणि मनगटं त्यापायीच दुखतात.

खरं तर घट्ट पकडीत इशारा बुडतो. १९व्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी दाखवलं, की आधीचा भार जितका मोठा, तितका बदल जाणवायला मोठा लागतो. डोक्यावर जड गाठोडं असताना त्यावर कोणी वही ठेवली तर कळतही नाही. मोकळ्या तळहातावर ठेवली की लगेच कळते. हात सैल असेल तर बोटभर हललेलंही पोचतं.

हलका स्पर्श किती काम करतो पाहा: डोळे मिटून उभ्या माणसाने स्थिर वस्तूला नुसतं बोट टेकवलं, तरी त्याचं डोलणं कमी होतं. त्या बोटाचा दाब १ न्यूटनच्या आत, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम वजनाइतका. एवढ्याने शरीराला आधार मिळत नाही, मिळते ती माहिती. त्वचेसोबत स्नायू आणि सांधेही ती टिपतात.

आणि जोडीदार अजिबात निष्क्रिय नसतो. पुढाकार घेणारा आधी स्वतःचा तोल सरकवतो, मग समोरच्याचा भार कोणत्या पायावर आला हे हातातून ओळखतो आणि त्यासाठी थांबतो. हे थांबणं मला सगळ्यात सुंदर वाटतं. शिकवताना मात्र त्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं.