आजीनं चुलीत लाकूड घातलं, आणि झारचा वारस

हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, म्हणजे रक्त पातळ. साधा ओरखडा आला तरी माणूस गेलाच, असं परवा एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी मला ऐकवलं. वर दाखला रशियाच्या झारच्या मुलाचा, अलेक्सेईचा. रक्त पातळ वगैरे काही नसतं. ओरखडा प्लेटलेट्स, म्हणजे रक्तातल्या चिकट चकत्या, बुजवतात. अडतं ते पुढे, फायब्रिन या प्रथिनाच्या धाग्यांची जाळी विणताना. म्हणून खरी भीती आतल्या रक्तस्रावाची. 1912 साली स्पालामध्ये, म्हणजे झारच्या पोलंडमधल्या शिकारघरी, घोडागाडीच्या धक्क्यांनी अलेक्सेईच्या मांडीत रक्त साचलं आणि आठ वर्षांच्या पोराचा पाय सरळ होईना. एरवीही त्याला उचलून नेणारा खलाशी सोबत असायचा.

हा दोष पणजीकडून, राणी व्हिक्टोरियाकडून, आजी आणि आईमार्फत आला. तो नेमका कोणता, हे 2009 साली त्याच्या हाडांतल्या डीएनएवरून कळलं. मला भुरळ पडते ती इथे.

जनुकाची प्रत निघाल्यावर पेशी मधला फालतू मजकूर कापून उरलेले तुकडे जोडते. कुठे कापायचं? फालतू मजकुराच्या शेवटची ‘एजी’ ही दोन अक्षरं (डीएनएची लिपी ए, सी, जी, टी एवढ्या चारच अक्षरांची) संपली की. रक्त गोठवणाऱ्या ‘घटक 9’च्या जनुकात, चौथ्या तुकड्याच्या तीनच अक्षरं अलीकडे, एका ‘ए’चा ‘जी’ झाला होता. तिथेच नवा ‘एजी’ तयार झाला, कात्री दोन अक्षरं आधी चालली आणि ती दोन अक्षरं प्रतीत राहून गेली. आता पेशी वाचते तीन-तीन अक्षरांनी. ‘आजीनं चुलीत लाकूड घातलं’ याच्या आधी ‘कप’ घुसवा आणि वाचा: कपआ जीनंचु लीतला कूडघा. अशा वाचनात लवकरच अवेळी ‘थांबा’ची खूण येते, प्रथिन अर्धवट राहतं. घटक 9 नाही, तर घटक 10 पुरेसा जागा होत नाही, फायब्रिन तयार करणारं थ्रॉम्बिन तोकडं पडतं, जाळी विणलीच जात नाही. (हा हिमोफिलिया ‘बी’, जास्त आढळणारा ‘ए’ घटक 8 च्या दोषाचा.)

स्पालाचं श्रेय मात्र झारच्या राणीचा विश्वासू साधू रासपुतिनला! ‘डॉक्टरांना त्याला फार छळू देऊ नका’ अशा अर्थाची त्याची तार आली आणि मुलगा सावरला. साचलेल्या रक्ताचाच दाब वाढला की आतला स्राव मंदावू शकतो, हे तारेत कोण लिहिणार?

16-17 जुलै 1918 च्या रात्री, बोल्शेविक क्रांतिकारकांच्या कैदेत, येकातेरिनबुर्ग शहरातल्या घरात तळघराकडे जाताना अलेक्सेईला चालवत नव्हतं. वडिलांनी त्याला उचलून नेलं. चौदावं पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता. मारलं ते गोळ्यांनी आणि संगिनींनी, घटक 9 च्या उणिवेनं नव्हे.