पुसलेली नोंद जागा का अडवते?

बॅकअप सर्व्हरची डिस्क 96 टक्के भरल्याचा इशारा येतो. त्यावरच्या डेटाबेसमधल्या दोन वर्षांपूर्वीच्या कोट्यवधी नोंदी पुसून टाकल्या जातात. आज्ञा विनातक्रार पूर्ण होते, नोंदी मोजल्या तर खरोखरच कमी झालेल्या असतात. पण डिस्क पाहावी तर ती 97 टक्क्यांवर! हा अनुभव पहिल्यांदा येतो तेव्हा यंत्रच बिघडलं असं वाटतं. प्रत्यक्षात सगळं ठरल्याप्रमाणेच चाललेलं असतं.

बॅकअप सर्व्हरवर डेटाबेस कशाला, हा प्रश्न आधी सोडवू. कोणत्या संगणकावरची कोणती फाइल, कोणत्या दिवशीची, नेमकी कुठे ठेवली आहे याची सूची असल्याशिवाय साठवलेली प्रत परत मिळवता येत नाही. ही सूची डेटाबेसमध्ये असते आणि ती फार वेगाने फुगते. समजा 20 संगणक आहेत, प्रत्येकावर 5 लाख फायली. एका पूर्ण बॅकअपच्या 1 कोटी नोंदी झाल्या. दर आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभराच्या 52 कोटी. एका नोंदीला 150 बाइट धरले तरी सूचीच 78 जीबीची होते, आणि त्यात शोध वेगवान करणारे इंडेक्स अजून धरलेलेच नाहीत.

आता पुसण्याकडे येऊ. डेटाबेस आपली फाइल ठरावीक मापाच्या पानांत विभागतो. पोस्टग्रेस-एसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या डेटाबेस प्रणालीत हे पान सहसा 8 केबीचं असतं, मायएसक्यूएल या दुसऱ्या प्रणालीच्या इनोडीबी या साठवण-भागात 16 केबीचं. एका पानावर अनेक नोंदी असतात. पोस्टग्रेसमध्ये नोंद पुसली की ती पानावरून उठत नाही. अमुक व्यवहारानं (एकत्र चालणाऱ्या आज्ञांच्या गटानं) ही रद्द केली, एवढी खूण तिच्यावर होते. कारण त्याच क्षणी दुसरा एखादा व्यवहार तोच तक्ता (नोंदींचं टेबल) वाचत असू शकतो, आणि त्याचं वाचन सुरू झालं तेव्हा जे चित्र होतं तेच त्याला ते संपेपर्यंत दिसलं पाहिजे. ती नोंद ज्याला दिसू शकते असा एकही व्यवहार उरला नाही, म्हणजे मग व्हॅक्यूम नावाची सफाई ती जागा मोकळी करते. मात्र मोकळी होते ती डेटाबेसच्या फाइलीच्या आत. पुढच्या नव्या नोंदी तिथे बसतील, पण फाइल तेवढीच लांब राहते. अगदी शेवटची पानं सलग रिकामी असतील, तर तेवढीच छाटली जातात. आणि पुसण्याच्या प्रत्येक कृतीची नोंद आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या रोजनिशीत, लिहावी लागते, म्हणून 96 चे 97 झाले.

फाइल खरोखर आखडायची तर संपूर्ण तक्ता नव्याने लिहावा लागतो. पोस्टग्रेसमध्ये त्याला व्हॅक्यूम फुल म्हणतात. नवी प्रत पूर्ण होईपर्यंत जुनी टाकता येत नाही, आणि तोवर तो तक्ता बाकी सगळ्यांसाठी बंद. एसक्यूलाइटसारख्या लहानशा डेटाबेसलाही या कामासाठी मूळ फाइलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. म्हणजे जागा मिळवायला आधी जागा हवी! डिस्क 97 टक्क्यांवर गेल्यावर हा उपाय हातचा गेलेला असतो. म्हणून सर्वांत मोठा तक्ता त्याच्या इंडेक्ससह एकदा पुन्हा लिहिता येईल एवढी जागा कायम राखून ठेवावी असं मी आग्रहानं सांगेन. त्याहून चांगली सोय म्हणजे तक्ता पहिल्यापासून महिन्यांनुसार तुकड्यांत ठेवणं. जुन्या महिन्याचा अख्खा तुकडाच काढून टाकला की त्याची फाइलच जाते, आणि डिस्कवरची जागा लगेच परत मिळते.

सूचीकडून प्रत्यक्ष साठ्याकडे गेलं की तोच प्रश्न नव्या रूपात भेटतो. रविवारी पूर्ण बॅकअप आणि बाकीचे दिवस फक्त आदल्या दिवसापासूनचे बदल, ही नेहमीची पद्धत. शनिवारची स्थिती परत आणायची तर रविवारपासूनची सगळी साखळी लागते. त्यामुळे मुदत संपली म्हणून रविवारची प्रत काढता येत नाही. तिच्यावर टेकलेला शेवटचा बॅकअप कालबाह्य होईपर्यंत ती राहते. चार आठवड्यांचे बॅकअप ठेवायचं ठरवलं, तरी साठ्यात काही दिवस पाचव्या आठवड्याची साखळीही असते. जागेचा अंदाज बांधताना हा वाढीव भाग हमखास विसरला जातो.

डीड्युप्लिकेशनमध्ये, म्हणजे सारखा डेटा एकदाच साठवण्याच्या पद्धतीत, गुंता आणखी वाढतो, आणि मला हा भाग सगळ्यांत सुंदर वाटतो. इथे डेटाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा एसएचए-256 सारखा ठसा (गणितानं काढलेली ओळखखूण) काढतात. तोच ठसा आधी आढळला असेल तर तुकडा पुन्हा साठवत नाहीत, फक्त त्याच्याकडे बोट दाखवतात. अशा 30 बॅकअपांपैकी एक पुसला तर किती जागा सुटेल? फक्त त्याच एका बॅकअपमध्ये असलेल्या तुकड्यांएवढी. बाकीच्या तुकड्यांकडे उरलेल्या 29 पैकी कोणीतरी बोट दाखवत असतंच. त्यातही निराधार तुकडे शोधून काढणारी सफाई वेगळी चालवावी लागते. ती होईपर्यंत काहीच सुटत नाही. डेटाबेसच्या बाबतीत आणखी एक काळजी: डंप (डेटाबेसची फाइलरूपात काढलेली प्रत) आधी साध्या पद्धतीनं संकुचित (कॉम्प्रेस) किंवा सांकेतिक (एन्क्रिप्ट) करून पाठवला, तर एखादी नोंद बदलली तरी पुढचे बाइट वेगळे दिसू लागतात आणि समान तुकडे सापडेनासे होतात. संकोच आणि सांकेतिकीकरण तुकडे पाडून झाल्यावर करावं.

ऑपरेटिंग सिस्टिमही याच नियमानं चालते. लिनक्सवर फाइल पुसली, पण एखाद्या प्रोग्रामनं ती उघडी ठेवली असेल, तर नाव जातं आणि जागा मात्र अडून राहते. तो प्रोग्राम फाइल बंद करेपर्यंत थांबावं लागतं.

घाईत सर्वांत मोठं नुकसान होतं ते लॉगच्या बाबतीत. पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये लिहितो आणि अपघातानंतर त्यावरूनच सावरतो. त्या फोल्डरच्या नावात पूर्वी 'लॉग' हा शब्द होता. बिनमहत्त्वाच्या नोंदी समजून लोक तो हातानं रिकामा करत आणि डेटाबेस गमावून बसत. अखेर 2017 मध्ये आलेल्या दहाव्या आवृत्तीत ते नावच बदललं. हे फोल्डर फुगलेलं दिसलं तर त्यातल्या फायलींना हात लावू नये. त्या कोणासाठी थांबल्या आहेत ते शोधावं. अनेकदा बदल मागून घेणारा दुय्यम सर्व्हर कायमचा बंद केलेला असतो, पण त्याच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याला कुठपर्यंतचे बदल पोचले याची खूण) काढायचा राहून गेलेला असतो. मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी इमानेइतबारे एकेक लॉग जपत बसतो. तो स्लॉट काढला की पुढच्या चेकपॉइंटला (तोवरचे बदल मुख्य फायलींत उतरवले जातात तेव्हा) फोल्डर आपोआप ओसरू लागतं.