'न धरी शस्त्र करी': डॉक्टर, थाल आणि १९१६ सालचा एक प्रश्न

स्कारो नावाच्या ग्रहावर अणुयुद्धात दगड झालेलं एक जंगल आहे. त्या जंगलात थाल लोकांची वस्ती. एके काळचे हे नामांकित लढवय्ये, पण युद्धानंतर त्यांनी शस्त्र कायमचं टाकलंय. त्यांचे जुने शत्रू डालेक, म्हणजे यंत्राच्या कवचात बसलेले क्रूर जीव, जवळच्याच शहरात राहतात. त्यांच्यासमोर लंडनचा एक विज्ञानशिक्षक, इयान, उभा आहे. तो आधी त्यांच्या इतिहासाच्या नोंदींची पेटी उचलतो: 'ही डालेकांना देतो आणि आमची वस्तू सोडवून आणतो.' कोणी हलत नाही. मग तो डायोनी नावाच्या मुलीला ओढतो: 'मग हिला देतो.' थालांचा तरुण नेता अलिडॉन त्याला ठोसा लगावतो. इयान जमिनीवर आडवा, पण त्याला हवं ते मिळालेलं असतं. लढून वाचवावं असं काहीतरी यांच्याकडे आहे तर!

काळातून प्रवास करणाऱ्या 'डॉक्टर'ची आणि त्याच्या सोबत्यांची बीबीसीची मालिका 'डॉक्टर हू', तिच्यातली ही डालेकांची पहिली कथा २१ डिसेंबर १९६३ पासून सात भागांत दाखवली गेली. लेखक टेरी नेशन. ठोसा या मालिकेतला, पण इयानची परीक्षा त्याहून बरीच जुनी आहे.

ब्रिटनमध्ये १९१६ साली सक्तीची लष्करभरती आली. कायद्यात एक फट ठेवली होती: ज्याची सदसद्विवेकबुद्धी लढायला नकार देते, त्याने स्थानिक ट्रायब्युनलपुढे, म्हणजे सुनावणी मंडळापुढे, जाऊन तसं पटवून द्यावं. सुमारे सोळा हजार जण या वाटेने गेले. त्यांना हमखास एक प्रश्न विचारला जाई: जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर हात टाकत असेल तर तू काय करशील? लेखक लिटन स्ट्रेची यांनी 'मी दोघांच्या मध्ये पडायचा प्रयत्न करीन' असं खट्याळ उत्तर दिल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. बाकीच्यांना असा विनोद परवडणारा नव्हता. हो म्हटलं तर तुम्ही ढोंगी, नाही म्हटलं तर भेकड. पस्तीस जणांना तर फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला गेला. तो नंतर दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आला.

या प्रश्नात एक लबाडी आहे. बहिणीसाठी हात उचलणारा माणूस परक्या गावावर तोफ डागायलाही तयार असलाच पाहिजे, असं तो गुपचूप गृहीत धरतो. इयान नेमकी तीच उडी मारतो. एका ठोशावरून थेट शहरावर चढाई.

मधल्या काळात ब्रिटनमध्ये शांततावादाचा भाव चढला आणि पडला. १९३३ मध्ये ऑक्सफर्ड युनियन या विद्यार्थ्यांच्या वादसभेने 'राजा आणि देशासाठी कोणत्याही परिस्थितीत लढणार नाही' असा ठराव २७५ विरुद्ध १५३ मतांनी संमत केला. मग हिटलरशी तडजोड करणारा १९३८ चा म्युनिक करार झाला, वर्षभरात युद्ध पेटलं, आणि 'हुकूमशहाशी बोलून बघू' म्हणणारा माणूस पुढची कित्येक वर्षं चेष्टेचा विषय झाला. थालांचा म्हातारा नेता टेमोसस डालेकांच्या शहरात अन्न घ्यायला जातो, मोकळ्या मनाने मैत्रीचं भाषण करतो आणि बोलता बोलता मारला जातो. हा प्रसंग पाहणाऱ्या तेव्हाच्या प्रेक्षकाला म्युनिकची आठवण करून द्यायची गरज नव्हती. दुसऱ्या बाजूला १९५८ पासून अण्वस्त्रविरोधी मोर्चे ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्र केंद्राच्या रस्त्यावर निघत होते आणि क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांचा पेच जेमतेम वर्षापूर्वीचा होता. म्हणून या कथेत दोन्ही भीती एकमेकींना खेटून बसल्या आहेत: बॉम्बची आणि बोटचेपेपणाची.

कथेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट मात्र डॉक्टरच्या काळयानातला एक यंत्राचा तुकडा आहे. डॉक्टरला शहर बघायची हौस, म्हणून त्याने या भागात बिघाड असल्याचं खोटंच सांगितलं. पुढे तोच भाग डालेकांच्या हाती पडला, आणि त्याशिवाय परत जाणं अशक्य झालं. 'आपल्यासाठी यांना मरायला कसं सांगायचं?' असं आधी इयानच विचारतो. तरी शेवटी थाल निघतात. वाटेत अँटोडस नावाचा भित्रा थाल दरीवर लटकतो, आणि आपल्या भाराने इयानही खाली येईल म्हणून स्वतःचा दोर कापतो. विजयानंतरही अलिडॉन खुश नाही. दुसरा काही मार्ग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटतं.

१९६८ मध्ये याच मालिकेतल्या 'द डॉमिनेटर्स' या कथेने शांततावाद्यांची सरळ टिंगल केली. ती फारशी लक्षात ठेवण्यासारखी नाही.

अमेरिकेत तेव्हा व्हिएतनाम धुमसत होतं. 'स्टार ट्रेक'च्या १९६७ मधल्या एका भागात शांततेचा प्रचार करणारी ईडिथ कीलर मोटारीखाली मरू द्यावी लागते, कारण ती जगली तर अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उशिरा उतरेल आणि जर्मनी जिंकेल. तिचं बरोबर होतं, फक्त वेळ चुकीची, असं नायकाचा सहकारी स्पॉक म्हणतो. अर्सुला ले ग्विन यांनी १९७२ च्या 'द वर्ड फॉर वर्ल्ड इज फॉरेस्ट' मध्ये हा सोयीचा हिशेब नाकारला. तिथल्या परग्रहावरचे जंगलवासी भांडणं गाण्यांच्या चढाओढीत मिटवतात. मग पृथ्वीवरची माणसं येतात, सेल्व्हर नावाच्या जंगलवासीची बायको मारली जाते आणि तो आपल्या लोकांना खून करायला शिकवतो. माणसं हरून निघून जातात. खून करायची विद्या मात्र तिथेच राहते.

डॉक्टर स्वतः हळूहळू 'न धरी शस्त्र करी' म्हणणारा होत गेला. कृष्णासारखंच, रथ हाकायला मात्र कायम हजर. १९७५ च्या 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' मध्ये त्याच्या हातात दोन उघड्या तारा आहेत. जोडल्या की डालेकांची सगळी पिल्लं खलास. हा अधिकार मला आहे का, असं तो विचारतो आणि थांबतो. तेवढ्यात बाहेरून निरोप येतो, तारा तशाच राहतात. पुढे तो परत येतो तेव्हा एक डालेक त्या तारांवरून जातो, त्याच्याच अंगातून वीज वाहते आणि स्फोट होतो. एवढ्या मोठ्या प्रश्नाची सुटका लेखकाने डालेकच्या बुडाखाली केली! मला ही पळवाट वाटते, पण मोठी चतुर पळवाट. स्फोट झाला आणि डॉक्टरचे हातही कोरे.

या कोऱ्या हातांचा हिशेब २००८ मध्ये मांडला गेला, आणि तोही डालेकांचा निर्माता डॅव्हरॉसच्या तोंडून. बंदूक कधी न बाळगणारा हा माणूस साध्यासुध्या लोकांना घेतो आणि त्यांची शस्त्रं बनवतो, असं तो म्हणतो. डॉक्टर गप्प. पडद्यावर त्याच्यासाठी मेलेल्यांचे चेहरे एकामागून एक येत राहतात.